दोन बोटं कमी

कापड बेतण्याआधी कागदावर जो आकार काढतात त्याला फर्मा म्हणतात. ती फर्मे काढण्यात इतकी तयार होती की शिलाईच्या धंद्यातले लोक तिला फर्मेवालीच म्हणायचे. नर्सचे गणवेश, वाढप्यांची जाकिटं, मेकॅनिकचे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे बॉयलर सूट, असे कामाचे कपडे ही तिची खासियत. समारंभाचे कपडे घालून माणूस नुसता उभा राहतो, वाकणाऱ्या माणसाला कपडे बेतणं खरं अवघड, असं तिचं म्हणणं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. पाच मशिनं, तीन शिवणाऱ्या बाया, कापायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. पूर्वी फर्मे खिळ्याला टांगलेले असायचे. नंतर ती ते कॉम्प्युटरवर काढायला शिकली आणि बारा वर्षांचं काम त्या एका डब्यात जमा झालं. गावातली सात-आठ शिलाई युनिटं तिच्याकडून फर्मे विकत न्यायची. त्यातलं एक तिच्या धाकट्या दिराचं होतं.

दिराकडं अकरा बाया शिवायला होत्या. वहिनीनं घरच्या माणसाला फर्मे फुकट द्यावेत असं त्याला वाटायचं, आणि ते तो हसत हसत पण दर वेळी बोलून दाखवायचा. तीही हसत हसत पैसे घ्यायची.

एकदा कॉम्प्युटरच्या आतून टकटक आवाज यायला लागला. दिरानंच त्याच्या ओळखीचा दुरुस्तीवाला पाठवला. तो माणूस गोड बोलणारा, चपळ हातांचा.

"हार्ड डिस्क जायला आलीय मॅडम. सगळं नव्या, मोठ्या डिस्कवर उतरवून देतो. एक फाईल हलायची नाही."

आणि खरंच हलली नाही. निघताना त्यानं जुनी डिस्क खिशात टाकली.

"ही मेलेलीच आहे. तुम्हाला काय उपयोग? मी भंगारात टाकतो."

"टाका," ती म्हणाली. टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरलेले होते आणि तिचं अर्धं लक्ष कात्रीत होतं.

त्यानंतर दोन महिन्यांत दिरानं फर्मे मागणं बंद केलं. आपण एक कटिंग मास्तर ठेवलाय, तोच सगळं काढतो, असं त्यानं सांगितलं. मग तिची दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली आणि दिराकडं गेली. धंदा म्हटला की असं व्हायचंच, म्हणून तिनं मनाला लावून घेतलं नाही.

वर्षभरानं ती दाढ दाखवायला दवाखान्यात गेली. खुर्चीत आ करून बसलेली असताना नर्स तिच्यावर वाकली आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या नर्सचा खिसा आला. खिसा तिरका होता आणि त्याच्या आत पेनासाठी वेगळा कप्पा होता. कप्प्याचं तोंड डावीकडं झुकलेलं होतं.

"हा गणवेश कुठून घेतला?" दाढेतला कापूस काढल्या काढल्या तिनं विचारलं. नर्सनं दिराच्या युनिटचं नाव सांगितलं.

कुणाचा शिवलेला कपडा उसवून त्याच्यावरून फर्मा काढणं या धंद्यात चालतं. त्याचं तिला काही वाटलं नसतं. पण तो डावरा खिसा तिनं एका डावखुऱ्या नर्ससाठी काढला होता, त्या नर्सनं नंतर काम सोडलं आणि तो गणवेश कधी शिवलाच गेला नाही. तो फक्त कॉम्प्युटरमध्ये होता.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर हळूच ब्रेक दाबायचा आणि घरीही तेच करायचा.

"दोघांना एकच गोष्ट सुचू शकते," तो म्हणाला. "आणि समजा घेतलं असेल काही, तर घरातच आहे ना? जाऊ दे."

तिनं जाऊ दिलंही असतं कदाचित. पण त्याच आठवड्यात दीर आणि जाऊ जेवायला आले. जेवणं झाली आणि दोघी जावा स्वयंपाकघरात भांडी पुसत उभ्या राहिल्या. जाऊ तशी मनानं वाईट नव्हती. ताट पुसता पुसता ती हळू आवाजात म्हणाली,

"ताई, मला फार वाईट वाटलं हो. तिसऱ्या महिन्यात गेलं ना ते? मला आधी कळलं असतं तर मी आले असते तुमच्याजवळ राहायला."

फर्मेवालीच्या हातातलं फडकं थांबलं. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची होती. ती तिनं आईला सांगितली नव्हती, सासूबाईंना सांगितली नव्हती. नवरा, ती आणि डॉक्टर एवढ्यांनाच माहीत होती. दुसऱ्या गावातल्या एका डॉक्टरला पाठवायला म्हणून तिनं रिपोर्ट स्कॅन केला होता आणि तो मापांच्या फायलींमध्येच पडून राहिला होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी... म्हणजे असंच, कुठून तरी कानावर आलं." जावेचा चेहरा उतरला आणि ती पुसलेलं ताट पुन्हा पुसायला लागली.

पाहुणे गेल्यावर तिनं नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही भाऊजींना सांगितलं होतं?"

"वेडी आहेस का? मी कुणालाच सांगितलेलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता हे तिला दिसत होतं. मग तिनं त्याला जाऊ काय म्हणाली ते सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "आता काय करणार? आईला कळलं तर घरात उभी फूट पडेल. जाऊ दे."

तिनं मान हलवली. फर्मे चोरले ते एक वेळ ती गिळू शकली असती. पण कुणीतरी बसून तो कागद वाचला होता, घरी जाऊन बायकोला सांगितला होता आणि मग तिच्याच ताटाशेजारी बसून आमटी छान झालीय म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतली होती, हे तिच्या घशाखाली उतरेना. शिवताना, पाणी भरताना, कुणाशी बोलताना तिला ती आमटीची वाटी दिसायची.

पोलिसांत जायचा विचार तिनं केला. पण हातात काय होतं? एका गणवेशाचा खिसा आणि जावेचं अर्धं वाक्य.

गावातल्या तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांचे कोट तिनं शिवले होते. ती त्यांच्याकडं गेली आणि विचारलं, "बाई, मेलेल्या डिस्कमधून काही निघतं का?"

"मेली म्हणून कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं. "टकटक करणारी डिस्कसुद्धा बरेचदा चार तास चालते, आणि सगळं उतरवून घ्यायला चार तास पुरतात. एवढंच कशाला, तुम्ही पुसलेली फाईलसुद्धा निघते. आपण पुसतो म्हणजे फक्त पाटी काढतो, सामान आतच असतं. त्याच्यावर दुसरं काहीतरी लिहून सगळी डिस्क भरून काढली, तर खरं पुसलं जातं. नवी डिस्क बसवून घेताना लोक नव्या डिस्ककडं बघत बसतात. लक्ष जुनीवर ठेवायचं असतं."

"आणि दुरुस्तीवाल्यानं जुनी नेली तर?"

"तर तुमचं घर त्याच्या खिशात गेलं म्हणायचं."

बाईंनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत फर्मेवालीच्या डोक्यात पुढचं सगळं बेतून झालं होतं.

त्या सुमारास बस डेपोला मेकॅनिकसाठी नवे बॉयलर सूट हवे होते, साडेतीनशे. आधी नमुना दाखवायचा, पसंत पडला तर काम. दीर त्या कामामागं हात धुऊन लागला होता, आणि ते तो जेवताना स्वतःच सांगून गेला होता. तिनंही डेपोत जाऊन मापं आणि अटी आणल्या आणि आठ दिवस बसून सूटचे फर्मे काढले. गुडघ्याला दुहेरी कापड, मांडीवर पान्यांचा खिसा, पाठीवर हात वर करता यावा म्हणून चुणी. तिच्या हातचं ते सगळ्यात चांगलं काम होतं. ते तिनं पेनड्राइव्हवर घेतलं आणि कपाटात कुलपात ठेवलं.

मग तिनं त्याच फर्म्यांची दुसरी प्रत काढली. नमुना नेहमी मधल्या मापाचा शिवतात, म्हणून मधलं माप तिनं जसंच्या तसं ठेवलं. त्याच्यावरच्या मोठ्या मापांमध्ये छाती वाढवली, कंबर वाढवली, पाय वाढवले. फक्त खांद्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची वाढवली नाही. ती दोन बोटं कमी राहिली, सगळ्यात मोठ्या मापात चार. असा सूट टेबलावर पसरला तर कळत नाही. शिवणाऱ्यांच्या पुतळ्यावर चढवला तरी कळत नाही, कारण त्या पुतळ्यांना पाय नसतात. आत जिवंत माणूस घालून त्याला वाकवलं तरच कळतं. कुणाला इजा होणार नाही याचाही तिनं विचार केला होता. टाके तुटतील, माणसाला काही होणार नाही. आणि डेपोत बहुतेक मेकॅनिक आडव्या अंगाचे होते, हे तिनं मापांच्या यादीत बघून ठेवलं होतं.

कॉम्प्युटर उचलून ती तंत्रशाळेत घेऊन गेली. बाईंनी डिस्कवरचं सगळं काढून घेतलं आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुसत ठेवली. मग फर्मेवालीनं तिच्यावर परत ठेवायच्या फायली निवडून दिल्या. बिनकामाचे जुने फर्मे, बिलं, आणि 'डेपो' नावाचा एक कप्पा. स्वतःचा एकही कागद तिनं तिथं ठेवला नाही.

"हे काय चाललंय ते मी विचारत नाही," बाई म्हणाल्या.

"नका विचारू."

दोन दिवसांनी तिनं दुरुस्तीवाल्याला फोन केला. कॉम्प्युटर हळू चालतो, नवीन वेगवान डिस्क बसवून द्या, असं सांगितलं. तो लगेच आला. सगळं उतरवून, कॉम्प्युटर चालू करून दाखवला आणि काढलेली डिस्क हातात तोलत म्हणाला, "ही आता जुनी झाली. मी विल्हेवाट लावतो."

"लावा," ती म्हणाली. "आत डेपोचं काम आहे तेवढं जपा. ते बाहेर गेलं तर माझी वाट लागेल."

"मॅडम, विश्वास ठेवा," तो म्हणाला.

डेपोच्या स्टोअरच्या साहेबांना तिनं मुद्दाम लांबची तारीख दिली. तीन महिने लागतील म्हणाली. दिरानं दहा दिवसांत नमुना नेऊन दाखवला आणि पाच आठवड्यांत सगळे सूट देतो म्हणाला. मधल्या मापाच्या मेकॅनिकनं तो घातला, उठाबशा काढल्या, हात वर केले. साहेब खूष झाले आणि काम दिराला गेलं. बातमी सांगायला तो पेढे घेऊन आला, तेव्हा तिनं एक पेढा खाल्ला आणि गोड आहे म्हणाली. पाच आठवडे तिला इतकी शांत झोप लागली की नवऱ्यानं एकदा तब्येतीचं विचारलं.

साडेतीनशे सूट डेपोत पोचले त्या सोमवारी सकाळीच वाटले गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सत्तावीस जणांचे पाठीमागून उसवले. बसखाली जायला पहिला माणूस वाकला तेव्हा सगळे हसले, मग एकेकाची पाळी आली तसं हसणं थांबलं. मोठ्या मापातल्या ज्यांचे उसवले नाहीत ते पाय फाकून चालत होते. संध्याकाळी सगळा माल पोत्यांत भरून परत आला, आणि सोबत निरोप आला की शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर काम रद्द.

मंगळवारी दुपारी दीर एक सूट काखेत मारून आला. सासूबाई आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांना टाळून तो सरळ दुकानात शिरला.

"वहिनी, जरा बघता का? कुठं चुकतंय तेच कळत नाही."

"फर्मा कुणाचा?"

"आमच्या मास्तरनं काढलाय."

"मग त्यालाच विचारा ना. ज्यानं काढला त्याला माहीत असणार."

"त्याला नाही कळत."

"स्वतः काढलेला फर्मा कळत नाही असा मास्तर मी नाही बघितला," ती म्हणाली आणि मशिनवर बसली.

दीर उभाच राहिला. त्याची दाढी वाढली होती. खरं तर त्याच्या मास्तरनं पहिल्याच दिवशी टेप लावून मोठं माप आखूड आहे असं सांगितलं होतं, आणि हे कॉम्प्युटरचं काम आहे, तुम्ही शहाणपण करू नका, असं म्हणून यानं त्याला गप्प केलं होतं.

"वहिनी, तुम्हीच सांगू शकता. पाया पडतो."

"मीच का?"

त्यानं सूट या काखेतून त्या काखेत घेतला.

"मीच का, ते बाहेर येऊन सांगा," ती म्हणाली. "यांच्यासमोर आणि आईंच्यासमोर. मग बघू."

तो बाहेर आला. बाकासमोर उभं राहून त्यानं सांगितलं. आधी दुरुस्तीवाल्यावर ढकललं, पहिली डिस्क त्यानंच आणून दिली म्हणाला. मग दुसऱ्या डिस्कचं सांगितलं. सासूबाई आ वासून ऐकत होत्या.

"अरे, मागितलं असतंस तर तिनं दिलं नसतं का?" त्या म्हणाल्या.

"आई, थांबा," फर्मेवाली म्हणाली. "फर्म्यांचं मला काही विचारायचं नाही. माझा दवाखान्याचा कागद कुणी उघडला?"

नवऱ्यानं मान वर केली. दिराचा चेहरा पांढरा पडला.

"मी. त्याला नाव नव्हतं वहिनी, नुसता नंबर होता. मला वाटलं मापं असतील."

"आणि मापं नाहीत हे कळल्यावर?"

"वाचला."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"कसला कागद?" सासूबाईंनी विचारलं. मग फर्मेवालीनंच त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, सरळ, आवाज न चढवता. चार वर्षं जे तिनं तोंडातून काढलं नव्हतं ते असं भर दुपारी बाकापाशी सांगावं लागलं, याचाही हिशेब तिनं मनातल्या मनात दिराच्याच नावावर मांडला. सासूबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

"दोन्ही डिस्क घेऊन या," ती दिराला म्हणाली. "आणि जिथं जिथं उतरवून घेतलंय ते सगळं."

तासाभरात तो घेऊन आला. तिनं नवऱ्याकडून भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मागितलं. त्यानं निमूट आणून दिलं आणि डिस्क फळीवर दाबून धरल्या. तिनं एकेकीत पाच-पाच भोकं पाडली. आतल्या चकत्या काचेसारख्या फुटल्या.

"आता तरी सांगा," दीर म्हणाला. "कंबरेची शिवण उसवून मध्ये काही घालता येईल का?"

तो बरोबर जागी पोचला होता. कंबरेत पट्टी घातली असती, प्रत्येक मापाला किती रुंद ते तिला तोंडपाठ होतं, तर शुक्रवारपर्यंत सगळे सूट उभे राहिले असते.

"येईल की नाही ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही."

"मी सगळं कबूल केलं ना."

"केलंत. त्याच्या बदल्यात काही देईन असं मी म्हटलं नव्हतं. बघू म्हटलं होतं. बघितलं."

त्यानं भावाकडं बघितलं. भावाच्या ओठांवर ते नेहमीचे दोन शब्द आलेले तिला दिसले, पण त्यानं ते गिळले. दीर सूट तिथंच टाकून निघून गेला. त्यानं अंदाजानं पट्ट्या लावल्या, त्या कुठं जास्त झाल्या, कुठं कमी. शुक्रवारी काम रद्द झालं.

दुरुस्तीवाल्याला तिनं मोकळं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन तिनं विचारलं, तुमची जुनी डिस्क कुणी नेली, ती कुठं आहे ते विचारलंत का. फोटोवाला त्याच्याकडं विचारायला गेला, वकिलीणबाई गेल्या, दाढेच्या दवाखान्यातलेही गेले. सगळ्यांनी मिळून त्याचा खण उघडायला लावला तेव्हा आत एकोणीस डिस्क निघाल्या. प्रत्येकीवर मालकाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. वकिलीणबाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

डेपोचं काम फर्मेवालीकडं आलं. तिनं कुलपातले फर्मे काढले, आणखी चार मशिनं भाड्यानं आणली आणि सूट वेळेवर दिले. एकही उसवला नाही.

राग निवेल असं तिला वाटलं होतं. तो निवला नाही. दीर समोर आला नाही तरी आमटी वाढताना तिचा हात अजूनही क्षणभर थांबायचा. सासूबाई तिच्याशी आता फार जपून बोलायच्या. आणि एके दिवशी नवऱ्यानं सरळ विचारलं.

"ते फर्मे तू मुद्दाम चुकवले होतेस?"

"हो."

"त्याच्याकडं अकरा बाया होत्या."

"माहीत आहे. चौघींना मी घेतलंय."

नंतर थोड्याच दिवसांत त्यानं आपल्या फोनला कुलूप लावलेलं तिच्या लक्षात आलं. तिनं विचारलं नाही. तिच्या कॉम्प्युटरलाही आता पासवर्ड होता आणि तो तिनंही त्याला सांगितलेला नव्हता.

पावणेदोन महिन्यांनी दिराच्या युनिटमधली आणखी एक बाई काम मागायला आली. युनिट बंद झालं होतं. दीर एका कापडाच्या दुकानात मीटरनं कापड मोजून द्यायला लागला होता.

"सगळ्यांना सांगत असतात ते," ती बाई चाचरत म्हणाली, "की वहिनीनं मला धुळीला मिळवलं."

"सांगू देत," फर्मेवाली म्हणाली. "ह्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत. तुम्हाला बॉयलर सूट शिवता येतो?"

"येतो. पण आमच्याकडं जे घडलं ते..."

"बाही लावून दाखवा," ती म्हणाली आणि शेवटच्या मशिनवरची खुर्ची तिच्यासाठी बाहेर ओढली.